आईचा प्रश्न आणि चांगदेवाचे चार भाग

धारणी, जि. अमरावती

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर कादंबऱ्यांचा विषय निघाला आणि नेमकी रेंज गेली. या डोंगरात ते रोजचेच आहे, म्हणून राहिलेले बोलणे पत्रात लिहिते. भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय माझे वाचून संपले, सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ पुन्हा वाचून झाली, आणि हे सगळे वाचताना आईने विचारलेला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून गेला नाही.

आई, तुला आठवत असेल, उन्हाळ्यात तू ओसरीवर तूर निवडत बसली होतीस आणि बाबा ‘बारोमास’ मोठ्याने वाचून दाखवत होते. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ, त्याच्या नोकरीची आस धरून घरात आलेली अलका, कर्ज आणि रोजची धुसफूस असे बरेच झाल्यावर तू सुपातून मान वर न करताच म्हणालीस, “याच्या वावरात एखांदं साल बरं पिकलं नसन काय?” बाबा हसले आणि पुढे वाचू लागले. मला मात्र साहित्य अकादमी मिळालेल्या या कादंबरीवरचा तो सर्वांत नेमका आक्षेप वाटला. कादंबरी खोटी आहे असे मी म्हणत नाही; त्या घरातला प्रत्येक संवाद आपण गावात ऐकलेला आहे. पण एका पुस्तकात सगळे बसवायचे म्हटले की लेखकाला पडझडीची वर्षे निवडावी लागतात, आणि ज्या साली संत्र्याचा मृग बहार चांगला धरला, व्यापाऱ्याने बाग उभी घेतली आणि घरावर नवी टिनपत्रे आली, ते साल गोष्टीबाहेर राहते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्येही (१९६०) कौतिकवर एकामागून एक आघात होत जातात. तिचे वऱ्हाडी बोलणे इतके जिवंत नसते तर ते वाचवले नसते.

चांगदेव पाटलाच्या वाट्याला मात्र चार भाग आले आहेत. ‘बिढार’ १९७५ साली आली आणि ‘झूल’ १९७९ साली. मधल्या ‘हूल’ आणि ‘जरीला’ धरून हा माणूस मुंबईतली धडपड आटोपतो आणि गावोगावच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत फिरतो. तिथले संस्थाचालक, स्टाफरूममधली राजकारणे, भाड्याच्या खोल्या आणि जातीपातीचे हिशेब यांतले काहीच घाईने उरकलेले नाही. ‘जरीला’ मला मध्येच कंटाळवाणी झाली, हे खरे. तरीही इतका वेळ सोबत काढल्यावर त्याचे रिकामे दिवससुद्धा ओळखीचे वाटू लागले. प्राध्यापकाला ही ऐसपैस जागा मिळते आणि वावरात राबणाऱ्याला एका पुस्तकात उजाड व्हावे लागते, ही वाटणी मला पटत नाही.

यावर तुम्ही नेमाडे यांच्याच ‘हिंदू’ या कादंबरीचे नाव घ्याल, आणि ते रास्तही आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला परततो, आणि त्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घराण्याचा सगळा पसारा उघडतो. (त्या प्रवासाची पाने मी जरा भराभर उलटली, का ते विचारू नका.) तिथे सुगी आहे, भांडणे आहेत, थट्टामस्करी आहे, म्हणजे आई म्हणते ते बरे पिकलेले सालही आहे. पण चार भागांच्या योजनेतला हा पहिला भाग २०१० साली आला आणि पुढच्यांची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे. पुढचे वाढप ठरलेले नसेल त्या पंगतीत बसू नये, असे तुम्ही म्हणता. मी बसले, आणि जेवढे वाढले तेवढ्यावर खूश आहे.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ मात्र माझे म्हणणे काहीसे खोडून काढते. धरणामुळे उठलेल्या गावातला देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणायला परत जातो, एवढाच तिचा विषय. आणि त्या छोट्याशा कादंबरीत अख्खे विस्थापन मावले आहे. इथे मेळघाटात ती वाचणे वेगळेच होते, कारण व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेल्या गावांतल्या लोकांचे नातेवाईक माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी येत-जात असतात. तरी मी म्हणेन की ‘रिंगाण’ हा अपवाद आहे. तिने एकच गोष्ट धरली आणि सोडली नाही, म्हणून ते साधले.

पुढच्या आठवड्यात इथले एक सर परतवाड्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर ‘बिढार’ आणि ‘रिंगाण’ पाठवते. मामा तिथून घेऊन वरूडच्या गाडीने पोचवतील. बाबा, ‘रिंगाण’ आधी वाचा आणि आईला ऐकू जाईल असे वाचा. मोतीबिंदूचे ऑपरेशन होईपर्यंत दिवसाउजेडीच वाचायचे, हेही सांगून ठेवते. आई, त्या म्हशीबद्दल तुझे काय मत होईल ते बाबांना तुझ्याच शब्दांत लिहायला सांग, त्यांनी सुधारून लिहू नये.

तुमची,
ताई