परत परत तेच पाप का होतं? माझ्या मुलाला पत्र

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. येशूने पापातून सोडवलंय असं तुम्ही सगळे म्हणता मग मी दर वेळी माफी मागून परत तेच का करतो, मी खरा ख्रिस्ती आहे तरी का, असं विचारलंयस. उत्तर टाइप करायला घेतलं पण दोन ओळींत मावेना, म्हणून हे पत्र. एका दमात नको वाचूस, थोडं थोडं वाच पण शेवटपर्यंत वाच.

कुठलं पाप ते तू लिहिलं नाहीस आणि मी आत्ता विचारतही नाहीये. तुझ्या वयात काय काय असतं ते मला कळतं रे, रात्री मोबाईलवर जे बघितलं जातं ते, घरी सर्रास खोटं बोलणं, परीक्षेत कॉपी, कुणाचा तरी इतका राग की झोप लागत नाही, ग्रुपमध्ये आपली जागा राहावी म्हणून एखाद्या गरीब पोराची टर उडवणं. यातलं काही असेल नाहीतर भलतंच काही असेल, पण मी जे सांगणार आहे ते सगळ्यालाच लागू पडतं.

बायबलमधला योहान 8 काढ. येशू ज्यांच्याशी बोलतोय ना ते त्याच्यावर विश्वास ठेवलेलेच लोक आहेत, 31 वं वचन बघ. तो त्यांना म्हणतो माझ्या वचनात राहा म्हणजे सत्य कळेल आणि सत्य तुम्हाला मोकळं करेल. तर ते लगेच चिडतात, म्हणे आम्ही अब्राहामाची मुलं, आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो. अरे, ज्यांचे बापजादे मिसरात (म्हणजे इजिप्तमध्ये) गुलाम होते, ज्यांना बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलं होतं, आणि हे बोलत असताना सुद्धा ज्यांच्यावर रोमचं राज्य होतं, ते म्हणतायत आम्ही कधी गुलाम नव्हतो! माणसाला स्वतःची बेडी दिसत नाही ती अशी. तुला तुझी दिसली म्हणूनच तू मला रात्री साडेबाराला मेसेज केलास आणि माझ्या मते ही चांगली गोष्ट आहे, ज्याला काही वाटतच नाही त्याची मला जास्त काळजी वाटते.

मग येशू दोन गोष्टी बोलतो. पहिली म्हणजे जो पाप करत राहतो तो पापाचा गुलाम, ही सगळ्यांना पाठ असते. दुसरी 35 व्या वचनात आहे आणि तिच्यावरून आपण पटकन पुढे जातो. गुलाम घरात कायमचा राहत नाही, मुलगा कायमचा राहतो. आणि त्याच्या पुढे लगेच, पुत्राने तुम्हाला मोकळं केलं तर तुम्ही खरंच मोकळे व्हाल. म्हणजे येशू गुलामाची नुसती बेडी काढून त्याला रस्त्यावर सोडून देत नाही, तो त्याला घरात आणून मुलगा करतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. तू पापाशी लढतोयस ते घराबाहेर उभा राहून, जिंकलो की आत घेतील म्हणून, आणि प्रभू म्हणतोय की आधी आत ये, मग लढ.

लूक 15 मधली हरवलेल्या मुलाची गोष्ट तू लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीयस की कान बंद झाले असतील. तरी परत वाच आणि त्या मुलाचं वाक्य नीट बघ. डुकरांमध्ये बसून तो बापाला काय सांगायचं ते ठरवतो, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला एखाद्या नोकरासारखं ठेवा. घरी पोचतो, बाप लांबूनच बघून धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि हा आपलं पाठ केलेलं बोलायला लागतो, पण ते शेवटचं नोकराचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच येत नाही, तोपर्यंत बापाने झगा, अंगठी, जोडे मागवलेले असतात. नोकर म्हणून परत घ्यायला तो बाप तयारच नाहीये. आता सांग, तू माफी मागतोस तेव्हा मनात काय असतं? देवा यावेळी माफ कर, आता महिनाभर रोज बायबल वाचीन, उपास करीन, परत कधीच नाही करणार. हे बोलणं त्या नोकराच्या वाक्यासारखं आहे बाळा. तू फेडायला बघतोयस, आणि फेडायचं ते वधस्तंभावर फेडून झालंय.

आणि त्याच गोष्टीतला मोठा भाऊ विसरू नकोस, कारण चर्चमध्ये वाढलेल्या पोरांना तोच जास्त लागू होतो. तो कुठे गेला नाही, काही उधळलं नाही, आणि बापाला काय म्हणतो तर इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. घरात राहून पण गुलामच! रविवारी न चुकता चर्च, युथ मीटिंगला गिटार, पाळकसाहेबांसमोर गोड बोलणं, आणि आतून मात्र देव म्हणजे हिशोब ठेवणारा मालक. ही पण गुलामीच आहे, फक्त बाहेरून ती चांगली दिसते त्यामुळे कुणी टोकत नाही.

आता तू म्हणशील, ठीक आहे आई, मी मुलगा आहे, मग हे सुटत का नाही. मिसरातून इस्राएल लोक एका रात्रीत बाहेर पडले, मान्य ना, तिथल्या राजाची, फारोची, सत्ता त्यांच्यावर उरली नाही. पण वाळवंटात साधारण वर्ष झालं असेल तर रडायला लागले की तिकडे मासे होते, काकड्या होत्या, टरबुजं होती, कांदे लसूण होते (गणना 11 मध्ये सगळी यादी आहे). मार खाल्लेला विसरले आणि काकडी आठवली. पुढे तर म्हणाले नवीन पुढारी नेमू आणि परत जाऊ. कारण शरीर बाहेर आलं तरी सवयी, चव, भीती, हे सगळं आत तसंच होतं. तुझ्यात पण तेच चाललंय. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, रोमकरांस 6 मध्ये, ठाम सांगतो की पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही, आणि तोच पौल 7 मध्ये म्हणतो की जे करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच करतो. हा 7 वा अध्याय नेमका पौलाच्या कुठल्या काळाबद्दल आहे यावर मोठमोठ्या अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्यातली तडफड तुला आज रात्री वाचलीस तरी आपलीच वाटेल. आणि तिथे थांबू नकोस हां, 8 व्या अध्यायाचं पहिलं वचन वाचल्याशिवाय बायबल मिटायचं नाही, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

पण याचा अर्थ चालतंय, होईल हळूहळू, असा काढू नकोस, मी अजिबात तसं म्हणत नाहीये. जॉन न्यूटन नावाचा इंग्रज खलाशी होता. 1748 मध्ये समुद्रात भयंकर वादळात सापडला, मरणार असं वाटलं आणि देवाचा धावा केला, तिथून तो देवाकडे वळला. पण वळल्यानंतरही तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवर कप्तान होता, 1754 पर्यंत, आणि ते सोडलं ते आजारपणामुळे. त्या धंद्याविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते 1788 मध्ये. लोक ही गोष्ट कृपेची म्हणून सांगतात आणि आहेच ती, देवाने त्याला सोडलं नाही. पण मला दर वेळी त्या जहाजाच्या तळाशी साखळीत पडलेली माणसं आठवतात. न्यूटनच्या हळूहळू बदलण्याची किंमत त्यांनी मोजली. आपलं पाप आपल्यापुरतं कधीच नसतं. तू ज्याची टर उडवतोस तो घरी जाऊन रडतो, स्क्रीनवर जी मुलगी बघतोस ती कुणाची तरी लेक आहे आणि ती तिथे स्वतःच्या मर्जीने आहे की नाही हेही तुला माहीत नाही. म्हणून घाई कर. देव तुला टाकून देईल या भीतीने नको करूस घाई, समोरच्याला लागतंय म्हणून कर.

आता पडल्यावर काय करायचं ते सांगते, माझ्या दृष्टीने या पत्रात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. येशूला धरलं त्या रात्री त्याच्या बारा जणांतले दोघे फार वाईट पडले. यहूदाने त्याला धरून दिलं, पेत्राने तीनदा मी त्याला ओळखतच नाही म्हटलं. दोघांनाही पस्तावा झाला हे लक्षात घे. यहूदाने तर तीस रुपये परत नेले, मी पाप केलं असं तोंडाने कबूल सुद्धा केलं (मत्तय 27), पण कुणाकडे, तर त्या याजकांकडे, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तो येशूकडे गेला नाही, बाकीच्या शिष्यांकडेही गेला नाही, एकटा पडला आणि एकट्यानेच संपला. पेत्र बाहेर जाऊन खूप रडला, पण नंतर तो परत त्याच शिष्यांमध्ये दिसतो, आणि योहान 21 मध्ये येशू किनाऱ्यावर उभा आहे म्हटल्यावर तोच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे जातो. तिथे कोळशाचा विस्तव आहे, जसा नाकारलं त्या रात्री अंगणात होता. येशू तीनदा विचारतो माझ्यावर प्रेम आहे का, आणि तीनदा काम देतो. लूक 22 मध्ये तर येशूने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी तुझ्यासाठी विनंती केलीय, तुझा विश्वास ढळू नये म्हणून, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. पडायच्या आधीच परत येण्याची सोय करून ठेवलेली होती रे.

तेव्हा पडलास की लपायचं नाही. त्याच क्षणी, आंघोळ करून नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला मूड आल्यावर नाही, आहेस त्या अवस्थेत प्रभूशी बोल आणि जे केलं त्याचं नाव घेऊन बोल. "काही चुकलं असेल तर माफ कर" असली प्रार्थना करू नकोस, तिच्यात कबुलीच नसते. 1 योहान 1:9 म्हणतं पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करेल आणि शुद्धही करेल. आणि एका माणसाला सांग. याकोबाने स्पष्ट लिहिलंय, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल. मला किंवा बाबांना सांगायला लाज वाटत असेल तर तुमच्या युथ लीडरला सांग, पण ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशालाच. अंधारात ठेवलेलं पाप वाढतं, हे मी कितीतरी चांगल्या घरातल्या पोरांच्या बाबतीत बघितलंय.

थोडी साधी अक्कल पण वापर. मालकाची, पोटीफरची, बायको नादाला लावायला बघत होती तेव्हा योसेफ तिच्याशी चर्चा करत बसला नाही, कपडा तिच्या हातात टाकून पळाला. मोबाईल रात्री खोलीच्या बाहेर चार्जिंगला लाव. जे मित्र भेटले की दर वेळी तेच होतं त्यांच्याबरोबर एकटा जाऊ नकोस. आणि मनात मोह आला म्हणजेच पाप झालं असं समजून स्वतःला मारत बसू नकोस, येशूलाही मोह आला होता, त्याने पाप केलं नाही.

अजून एक, हे लिहिताना मला भीती वाटतेय पण लिहितेच. कुणी तुझ्याशी काही वाईट केलं असेल, जबरदस्तीने किंवा फसवून, तर ते तुझं पाप नाही. त्याची माफी तू देवाकडे मागत बसायची गरज नाही. ते मला सांग, कुणाचंही नाव असो, चर्चमधलं असलं तरी सांग, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. तसंच एखादी सवय अशी धरून बसली असेल की प्रार्थना करूनही हात सुटत नाही, किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टर, काउन्सेलर यांच्याकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, आपण दोघं मिळून जाऊ.

आणि तू खरा ख्रिस्ती आहेस का, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या गेल्या आठवड्याच्या रेकॉर्डवरून काढू नकोस. मोकळं होणं म्हणजे येशूच्या मागे चालणं, आणि मागे चालणारा अडखळतो तेव्हा त्याच्याच हाताला धरून उठतो. व्यभिचारात धरलेल्या ज्या बाईला लोक दगडांनी मारणार होते तिला येशूने आधी म्हटलं मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि मग म्हटलं जा, यापुढे पाप करू नकोस. हा क्रम उलटा करू नकोस.

शनिवारी घरी आलास की आपण रोमकरांस 6 ते 8 एकत्र वाचू, तू मोठ्याने वाच, जिथे पटणार नाही तिथे थांबव मला. काही सांगायचं असेल तर तेव्हा सांग, नाहीतर नको सांगूस, पण त्याच्या आधी आज रात्री प्रभूला तरी सांगून टाक.

तुझी,
आई