मुक्ताला ते पुस्तक दे

नाशिक, रविवार

प्रिय सुधीर,

मुक्ताने आयन रँडची ‘फाउंटनहेड’ ही कादंबरी मागितली आणि घरात वाद झाला म्हणतोस. रँड वाचून पोरं आपमतलबी होतात, ही वहिनींची भीती मी उडवून लावत नाही. तरी सांगतो, दे तिला. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीने हे आत्ता नाही वाचायचं तर कधी?

‘समाजासाठी’ हा शब्द ऐकला की ही बाई का पेटते, ते आधी मुक्ताला सांग. जन्म १९०५चा, सेंट पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी वडिलांचं औषधांचं दुकान ताब्यात घेतलं, तेही जनतेच्या नावाने. १९२६ साली ती अमेरिकेला गेली, ती कायमची. तो घाव तिच्या प्रत्येक कादंबरीत आहे.

‘फाउंटनहेड’ १९४३चं. त्यातला बँकेचा प्रसंग तुला आठवतो? कादंबरीचा नायक, आर्किटेक्ट रोआर्क, याचा खिसा रिकामा आणि मोठ्या इमारतीचं काम समोर चालून आलेलं. अट एकच: दर्शनी भाग जुन्या ग्रीक वळणाचा करायचा. तो नकार देतो, ऑफिस बंद करतो आणि ग्रॅनाइटच्या खाणीत मजुरी करायला जातो.

याच प्रसंगाच्या बळावर मी त्या साइटवर सही नाकारली होती. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा सहा इंचांवर हव्या होत्या, बांधल्या होत्या नऊवर. सकाळी काँक्रीट पडायचं होतं. मी सही केली नाही, नोकरी गेली. ही गोष्ट मी तुला कितीदा सांगितली असेल! पण एक भाग कधीच सांगितला नाही. ते अंतर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सळई बांधणाऱ्या फिटरने संध्याकाळी मला बाजूला घेतलं, खिशातून टेप काढून कॉलमला लावला आणि म्हणाला, “साहेब, बघा.” त्याचंही काम गेलं. सही न करण्याची हिंमत मला रँडने दिली, आणि त्या माणसाला माझ्या गोष्टीतून वगळायची सवयही तिनेच लावली. त्याचं नाव आज मला आठवत नाही, याची फार लाज वाटते.

म्हणून रँडची ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ ही दुसरी कादंबरी मुक्ताच्या हाती लगेच देऊ नकोस. १९५७ची ती. त्यात बोगद्यात गुदमरून आगगाडीतली माणसं मरतात. त्याआधी रँड डब्याडब्यातून फिरते आणि कुणाची कुठली मतं चुकीची होती ते सांगते, म्हणजे त्यांचं मरण त्यांनीच ओढवून घेतलं. एका डब्यात एक आई दोन मुलांना नीट पांघरूण घालत असते. तिचा नवरा सरकारी नोकरीत आणि ती त्या नोकरीचं समर्थन करते, हा तिचा गुन्हा. मुलांचा काय? तिथे मी पुस्तक मिटलं होतं. पात्राला मारताना लेखकाचा हात जराही थरथरू नये, हे मला सहन झालं नाही.

‘फाउंटनहेड’मध्येही रोआर्क आणि नायिका डॉमिनिक यांच्यातला पहिला शरीरसंबंधाचा प्रसंग बलात्काराचाच आहे. रँड काहीही म्हणो. त्याबद्दल मुक्ताशी वहिनींनी मोकळेपणाने बोलावं. त्यांनाही वाचायचं असेल तर मुग्धा कर्णिकांनी केलेला ‘फाउंटनहेड’चा मराठी अनुवाद आहे.

मुक्तासाठी माझीच प्रत कुरिअरने पाठवतोय. बँकेच्या प्रसंगाशी कडेला माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांच्याखाली काल मी फिटरची गोष्ट लिहून ठेवली आहे.

तुझा,
विनय