गुलमोहर वाऱ्याने पडला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात चौथ्या पानावर ‘वळवाच्या तडाख्याने गुलमोहर जमीनदोस्त’ ही बातमी आणि खाली फोटो. फोटोतली निळी स्कूटर माझ्या भाडेकरूची. ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ हे तुमचं ठरलेलं वाक्यही आहेच. तुमच्या बातमीदाराने फाटकाची कडी वाजवली असती तर चहा मिळाला असता आणि हेही कळलं असतं, की वाऱ्याकडे उगाच बोट दाखवायला नको. त्या संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरच्या कुरडयासुद्धा कागदासकट जागेवर होत्या.

हा गुलमोहर माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली लावला. तो तोडू नका म्हणून मीच आजवर तिघाचौघांशी भांडले आहे. पानांचा कचरा होतो, गाडीवर फुलं पडून डाग पडतात, ही काय झाड तोडायची कारणं झाली? पण अडीच वर्षांपूर्वी भिंतीबाहेर ड्रेनेजसाठी चर खणला गेला. दुपारी बघते तर माझ्या मनगटाएवढी मुळं जेसीबीच्या दातांनी पिळवटून चरात लोंबत होती. संध्याकाळी चर बुजवला, विषय संपला. वीजवाले रस्त्याकडच्या फांद्या दरवर्षी छाटायचेच, त्यामुळे सगळा भार आमच्या अंगणाकडे. आणि गाडी लावायला सोयीचं म्हणून आतल्या बाजूने पेव्हर ब्लॉक आम्हीच बसवले, अगदी बुंध्याला खेटून. तो गुन्हा माझा. झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असं हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीला बजावलं होतं म्हणे. मला ते फार उशिरा कळलं.

पुढच्या पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी भूछत्रं आली. नेहमीची पांढरी, नाजूक, दुपारी सुकून जाणारी नव्हेत. तपकिरी, पोळीएवढी, लाकडासारखी टणक आणि वरून वार्निश लावल्यासारखी चकचकीत. जवळच्या तुळशीच्या पानांवर रोज सकाळी कोकोसारखी भुकटी बसायची. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. नारळ उतरवायला येणाऱ्या मामांनी कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर दोन ठिकाणी ठोकलं आणि म्हणाले, “काकू, हे बद्द वाजतंय बघा.” माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. वरच्या बाजूला खणखणीत, खाली बद्द.

झाड धोकादायक झालंय, असा मी झाडांच्या कार्यालयात रीतसर अर्ज केला. फोटो जोडले, भुकटीचासुद्धा. साडेतीन महिन्यांनी साहेब आले. मोटारसायकल चालूच ठेवून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “आजी, झाड तर हिरवंगार आहे की! फुलं येतात ना?” येतात म्हटलं. त्यांनी बुटाने एक भूछत्र उडवलं, “कुत्र्याची छत्री हो, पावसाळ्यात येतेच,” म्हणाले आणि निघाले. खाली वाकायला त्यांना कंबरदुखी असावी. (आजी म्हणाले त्याचंही मला काही नाही.)

हिरवी पानं म्हणजे झाडाचा फिटनेस दाखला नव्हे, एवढंच मला म्हणायचं आहे. पानं हिरवी ठेवायला साल आणि तिच्यालगतचं थोडं जिवंत लाकूड पुरतं. मधला गाभा कुजला तरी झाड फुलत राहतं. उभं राहायला मात्र जाडजूड मुळं लागतात, आणि ती चरात गेली होती. त्यातून गुलमोहर हा मादागास्करहून आलेला पाहुणा. भराभर वाढतो, लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. कडुनिंबाने हे सगळं कदाचित सोसलं असतं.

मग माझ्या अर्जाची नोटीस झाडावर लागली आणि तोडायला हरकत आली. आमच्या गल्लीत न राहणाऱ्या एका सद्गृहस्थांनी लिहून दिलं, की हे ‘हेरिटेज’ झाड आहे. राज्याच्या झाडांच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना तो मान दिला आहे. हे झाड माझ्या लग्नानंतर लावलेलं. त्याला पुरातन वारसा म्हणायचं तर मला कुठल्या संग्रहालयात ठेवणार? धोकादायक झाडाची तरतूद त्याच १९७५ च्या कायद्यात आहेच, पण धोका आहे की नाही हे ठरवणार कोण, तर मोटारसायकलवर बसून वर बघणारे.

यंदा एप्रिलमध्ये भिंतीकडच्या बाजूचे ब्लॉक उचलले गेले. आधी वाटलं घुशी असतील. मग लक्षात आलं, की फट बुंध्याभोवती अर्धगोल आहे आणि दर आठवड्याला रुंदावते आहे. शेवटी चपलेचं टोक आत जाईल एवढी झाली. झाड अंगणाकडे कलत होतं आणि मागची माती उचलत होतं. हे बघितल्यावर मी पुन्हा अर्ज द्यायला गेले. “आधीची फाइल पेंडिंग आहे, नवीन घेता येत नाही.” घरी येऊन भाडेकरूला सांगितलं, स्कूटर बाहेर लावत जा. तो म्हणाला, काकू, बाहेर पेट्रोल चोरतात.

झाड पडलं तेव्हा पूर्ण फुललेलं होतं. तुमच्या छायाचित्रकाराने लाल फुलांचा सडा छान टिपलाय, पण उपटलेलं मूळ फोटोत नाही. मूळ म्हणजे काय, पोह्यांसारखा हातात चुरा होणारा भुसा. मी बरणीत भरून ठेवला आहे. आज सकाळीच कार्यालयातून फोन आला, मंगळवारी फेरपाहणीला येताहेत. येऊ देत. या खेपेला वर बघायला काही नाही.

कळावे,
आपली,
एक जुनी वाचक (नाव-पत्ता आपल्याकडे आहे)

ता. क. गेल्या महिन्यात पहिल्या पानावर ‘बहावा बहरला’ म्हणून जो फोटो छापलात, तो सोनमोहर होता. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, सोनमोहराचे तुरे वर उभे असतात. तेव्हाही पत्र पाठवलं होतं, छापलं नाहीत.