एक की पाच?

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात पत्र नाही, फोन नाही. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच आहे.

कारण ऐक. चिरंजीवांकडे शिकूतिमीला आलोय, कॅनडात, क्यूबेकमध्ये. फियॉर्ड फक्त नॉर्वेतच असतात म्हणून नववीत मी पैज लावली होती ना? हरलो. सॅग्ने नदीचा हा फियॉर्ड शंभर किलोमीटरच्या आसपास लांब, कुठे कुठे पावणेतीनशे मीटर खोल. आपली खाडीच रे, पण हिमनदीने कोरलेली. वर नदीचं गोडं पाणी, कोऱ्या चहासारखं, आणि खाली समुद्राचं खारं, बर्फगार. सगळा कारभार फ्रेंचमध्ये. माझं 'बोंजूर' संपलं की मी मुका. आणि दगड भिरकावला तर हमखास एखाद्या त्रांब्लेला लागेल, इतकं ते आडनाव इथे आहे. ताडुसाकला, जिथे हे पाणी सेंट लॉरेन्स नदीला मिळतं, पांढरे बेलुगा देवमासे दिसले. तू हवा होतास.

परवा बोटीने काप त्रिनितेखाली गेलो. ताठ कडा आणि वर मधेच मेरीमातेची पांढरी मूर्ती, नऊएक मीटर उंच. रोबिताय नावाचा फिरता विक्रेता १८७८ च्या हिवाळ्यात गोठलेल्या फियॉर्डवरून जाताना बर्फ फुटून पाण्यात पडला. मेरीचा धावा केला, वाचला. मग लुई जोबॅंकडून पाइनच्या लाकडाची मूर्ती करवून घेतली, वर शिशाचे पत्रे. तुकड्या-तुकड्यांनी कड्यावर चढवून १८८१ साली उभी केली. तीन वर्षांत नवस फेडला की पठ्ठ्याने!

आणि मी? होडी उलटली तेव्हा तुझा दंड धरून मी देवीला काय ओरडून सांगितलं, ते तुला आणि मलाच ठाऊक. छत्तीस वर्षं झाली. तू म्हणायचास पाच नारळ बोललास, मी म्हणायचो एक. त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो, आणि नारळ तेवढा राहिलाच.

आता हा दिवटा म्हणतो, जानेवारीत मित्रांबरोबर 'ला बे' नावाच्या ठिकाणी जाणार. तिथे गोठलेल्या पाण्यावर लोक लाकडी खोपटी नेऊन ठेवतात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. गाड्यासुद्धा बर्फावरच! खाली किती पाणी, विचारलं. "बाबा, बर्फाची जाडी मोजतात, मगच सोडतात," म्हणाला आणि हसला. त्याची आईही हसली. तिला होडीचं मी कधी सांगितलेलंच नाही. रात्री अडीचला उठून खिडकीत बसतो. तिथून नदी दिसते, हीच खोड.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीचं जमलं म्हणे, अभिनंदन. कलमांना मोहोर धरला की कळव.

एक काम कर. नवस दुसऱ्याने फेडला तर चालतो का, गुरवाला विचार. नाही म्हणाला तरी मी येईपर्यंत मंगळवारी जाऊन माझ्या नावाने नारळ ठेवून ये. पैसे आल्यावर देतो.

पाच ठेव.

तुझा,
बुडता बुडता राहिलेला