सर्दीच्या गोळ्या मोजून, रायफली हव्या तितक्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या .५० कॅलिबर, म्हणजे सुमारे अर्धा इंच जाडीची गोळी झाडणाऱ्या, रायफलींवर निर्बंध आणू पाहणाऱ्या विधेयकाबद्दल कालच्या अंकात आपले स्तंभलेखक विचारतात, गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, मग कायदा करून उपयोग काय? इथे टेक्सासमध्ये बंदूकवाल्यांच्या तोंडून हे रोज ऐकतो. मराठी वर्तमानपत्रातही तेच वाचून संताप आला.

मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांसाठी या रायफली इथल्या, अमेरिकेतल्या, दुकानांतून राजरोस घेतल्या जातात. पोलिसांत नाव नसलेला एखादा पोरगा पैशासाठी जातो, 'स्वतःसाठी घेतोय' म्हणून फॉर्मवर सही ठोकतो आणि पावती घेऊन बाहेर पडतो. दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. दीड किलोमीटरवर मारा करणारी, हलकं चिलखत भेदू शकणारी ही रायफल मात्र १८व्या वर्षी मिळते. अडवायचं ते दुकानातच. कॅलिफोर्नियाने २००४ सालीच तसा कायदा केला.

गेल्या हिवाळ्यात घरात सगळ्यांना सर्दी झाली. स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या आणायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी लायसन्स तपासलं, सही घेतली आणि दुसरं पाकीट द्यायला साफ नकार दिला. एका दिवसाची मर्यादा संपली म्हणे! तापाने फणफणलेली दोन माणसं घरी, आणि मी एक पाकीट घेऊन परत. या गोळ्यांपासून अमली पदार्थ बनतात म्हणून २००६ पासून देशभर हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्याच रस्त्यावर बंदुकीच्या दुकानात एका दिवसात पाच रायफली घेतल्या तरी 'आता बास' म्हणणारा कायदा नाही. फार तर दुकानदार सरकारला एक कागद पाठवतो.

आमच्या शेजारणीचं माहेर मेक्सिकोतल्या कुलियाकान शहरातलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये टोळीने ते शहर वेठीला धरलं आणि पकडलेल्या ओविदिओ गुझमानला, कुख्यात टोळीप्रमुख 'एल चापो'च्या मुलाला, सरकारला सोडून द्यावं लागलं. रस्त्यांवरची .५० कॅलिबरची शस्त्रं साऱ्या जगाने व्हिडिओत पाहिली. तिची आई तेव्हा न्हाणीघरात फरशीवर आडवी पडून होती, खिडकीपासून लांब. अशा बाईला 'कायद्याचा उपयोग काय' हे आपल्या लेखकांनी समोर बसून सांगावं.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो एके-४७चा आहे. ती वेगळी बंदूक, तिची गोळीही कितीतरी लहान. ज्या शस्त्रावर अर्धं पान खर्च केलंत, निदान त्याचा फोटो तरी तपासून छापायला हवा होता.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टन