डीप फ्रीजर भंगारात देऊ नका

ती. बाबा व सौ. आई यांस,
सा. न.

छपरीत पडलेला तो डीप फ्रीजर भंगारवाल्याला देऊ नका. कॉम्प्रेसर शाबूत असेल तर त्यातून नळानं थंड सोडा देता येतो. आत्ता फाल्गुनात काम हाती घेतलं तर लग्नसराईच्या आधी दुकानात नळ लागेल. ही युक्ती मुळात परदेशात घरी बिअर करणाऱ्यांची. पेटीसारख्या फ्रीजरमध्ये स्टीलची पिंपं ठेवायची, झाकणाखाली लाकडी चौकट बसवायची आणि त्या चौकटीतून नळ बाहेर काढायचा. आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आपल्या पिंपात फक्त पाणी आणि गॅस. तरी "पोरीनं बिअरची मशीन धाडली" अशी बोंब गावात उठणारच, म्हणून पहिला ग्लास सरपंचांनाच पाजा.

आधी फ्रीजर तपासा. रिकामा करून, पुसून चोवीस तास चालवा आणि आत थर्मामीटर ठेवा. उणे १८ च्या आसपास गेला तर काम होईल. उणे पाचवरच अडला तर गॅस गळतोय किंवा कॉम्प्रेसर थकलाय. मग त्यावर एक रुपयाही घालू नका, खुशाल भंगारात द्या.

फ्रीजरच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, हे मिस्त्रीला दोनदा सांगा. या पेटीच्या थंडाव्याच्या नळ्या भिंतींच्या आतच गुंडाळलेल्या असतात, आणि बहुतेक पेट्यांत बाहेरच्या पत्र्यामागेही नळ्या असतात, म्हणून चालताना बाहेरची बाजू गरम लागते. ड्रिल नळीत शिरलं की गॅस गेला आणि फ्रीजरही गेला. मागच्या पाटीवर आर-६००ए किंवा आर-२९० लिहिलेलं असेल तर तो गॅस पेट घेणारा आहे, तिथे ठिणगी म्हणजे वेगळंच संकट. लाकडी चौकटीचा सगळा खटाटोप त्यासाठीच.

चौकटीला सुताराकडून दीड इंच जाड आणि सहा इंच उंच सागवानी फळ्या घ्या. सहापेक्षा उंच नको, नाहीतर आईचा हात तळापर्यंत पोचणार नाही. चौकटीचं बाहेरचं माप पेटीच्या काठाएवढंच हवं. झाकण काढताना बिजागरीत दाबलेली जोरकस स्प्रिंग असते. झाकण बंद असताना स्क्रू काढले तर बिजागरी उसळून हातावर बसते. झाकण पूर्ण उभं करून, दुसऱ्यानं धरून ठेवलेलं असताना स्क्रू काढायचे आणि तीच बिजागरी चौकटीला मागून लावायची. चौकटीच्या खालच्या कडेला दाराला लावतात तशी फोमची पट्टी चिकटवा आणि बाहेरच्या सांध्यात सिलिकॉन भरा. आतल्या बाजूला एक इंचाचं दाट थर्माकोल. ते नसेल तर लाकूड घामेजतं आणि पावसाळ्यात काळं पडतं. नळासाठी २२ मिलिमीटरचं गोल भोक, पुढच्या फळीत मधोमध. नळाचा दांडा चार इंची मागवते, म्हणजे लाकूड आणि थर्माकोल मिळून अडीच इंच पार करून आत चाकी घट्ट करायला जागा उरेल.

आता थंडावा. पाण्याला उणे १८ नको, तीन-चार अंश पुरेत. फ्रीजरचं स्वतःचं बटण सर्वांत थंडवर ठेवायचं आणि त्याचा प्लग एसटीसी-१००० नावाच्या, तापमान पाहून वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या कंट्रोलरमधून घ्यायचा. मागे आठ टर्मिनल असतात: १ आणि २ वर २३० व्होल्ट, ३ आणि ४ वर सेन्सर, ७ आणि ८ मधून कॉम्प्रेसरचा फेज. ५ आणि ६ गरम करण्यासाठी असतात, ती मोकळी सोडायची. वायरमनला एक गोष्ट बजावा. ७-८ मधून आपोआप वीज निघत नाही, तो नुसता स्विच आहे, फेज त्यात बाहेरून आणून द्यावा लागतो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये एफ-१ ला ३, एफ-२ ला १ आणि एफ-३ ला ५ भरा. म्हणजे चार अंशांना कॉम्प्रेसर सुरू, तीनला बंद, आणि दोन सुरुवातींमध्ये किमान पाच मिनिटं विश्रांती. आपल्याकडे लाईन जाते-येते त्यात ही पाच मिनिटंच कॉम्प्रेसर वाचवतात, कारण बंद झाल्याबरोबर लगेच सुरू व्हायला गेला की आतला दाब उतरलेला नसतो आणि तो नुसता घुमत राहून तापतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. पिंपाच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा लावा. हवेत ठेवला तर झाकण उघडलं की कॉम्प्रेसर सुरू आणि मिटलं की बंद, असा खेळ दिवसभर चालतो.

थंड हवा तळाशी बसते, आणि नळ तर सगळ्यांत वर. त्यामुळे पाणी चार अंशांचं आणि नळ वीसचा अशी गत होते. पहिला अर्धा ग्लास नुसता फसफस निघतो त्याचं कारण हेच. तळाशी संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा ठेवून पीव्हीसीच्या तुकड्यातून हवा वर नळाकडे फेकायची. पंख्याला अ‍ॅडॉप्टर लागेल, तो पेटीच्या बाहेर ठेवा.

पिंपं १९ लिटरची, स्टीलची, बॉल-लॉक जातीची (कनेक्टर दाबला की खटकन बसतो ती) घ्यायची. त्यांच्यावर १३० पीएसआयपर्यंतच्या दाबाची (पीएसआय हे दाबाचं माप) मुभा कोरलेली असते आणि झाकणात जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व असतो. दुधाचा कॅन किंवा प्लास्टिकचा ड्रम गॅसला अजिबात लावायचा नाही, कोणी कितीही "चालते ना" म्हटलं तरी. दोन पिंपं हवीत, एक नळाला आणि एक गॅस मुरत पडलेलं.

बाबा, भरलेलं पिंप बावीस किलोच्या घरात जातं. ते सव्वातीन-साडेतीन फुटांच्या काठावरून आत उतरवणं तुमच्या कमरेला झेपणारं नाही, आणि पोट्टे रोज हाताशी असतीलच असं नाही. म्हणून पिंप रिकामंच आत ठेवायचं आणि जागच्या जागी नळीनं भरायचं. पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं वापरा. बोअरचं जड पाणी नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतं. सतरा लिटरच भरा. वरची जागा मोकळी नसेल तर पाणी गॅसच्या नळीत उलटं चढतं.

गॅसच्या आधी पाणी रात्रभर गार होऊ द्या. चाळीस अंशांच्या पाण्यात चार अंशांच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांशच गॅस मावतो, कोमट पाण्याला कितीही दाब दिला तरी सोडा मिळमिळीतच. गार झालं की करड्या कनेक्टरला गॅस जोडायचा (काळा पाण्याचा), सिलिंडरवरचा रेग्युलेटर (दाब बेताचा करणारं यंत्र; त्याचा मोठा काटा सिलिंडरचा दाब दाखवतो, छोटा पिंपाकडचा) ३० पीएसआयवर ठेवायचा, आणि झाकणावरची कडी चार-पाच वेळा ओढून आतली हवा बाहेर काढायची. मग आठवडाभर तसंच राहू द्या. हलवलं तर लवकर मुरतं, पण ते हलवणं तुमच्यासाठी नाही. दुसरं पिंप त्यासाठीच आहे.

नळापर्यंतची नळी आखूड ठेवायचा मोह होईल. ३० पीएसआयचा सोडा हातभर नळीतून सोडला तर ग्लासात नुसता फेस आणि छातीवर फवारा, कारण दाब एकदम सुटतो आणि गॅस पाण्यातून पळतो. आरओच्या दुकानात मिळते ती पाव इंची नळी सहा मीटर घ्या आणि पिंपाभोवती गुंडाळून ठेवा. धार फारच बारीक वाटली तर एकेक फूट कापत जा. कापलेली परत जोडता येत नाही, म्हणून घाई नको. नळ उघडताना पूर्ण उघडायचा. गिऱ्हाईक अर्धवट उघडेल, फेस येईल आणि दोष मशीनला देईल.

सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा, दोन किलोचा घ्या, आणि भरून आणताना 'फूड ग्रेड'च मागा. वेल्डिंगवाल्याकडचा नको. एका पिंपाला मुरायला आणि ढकलायला मिळून पाव किलोच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे एका भरण्यात सात-आठ पिंपं. किती उरला हे मोठ्या काट्यावरून कळत नाही. आत द्रवरूप गॅस असेपर्यंत काटा एकाच जागी असतो आणि संपत आला की झपाट्यानं खाली येतो. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं असतं, तराजूवर ठेवून वजाबाकी करा. सिलिंडर फ्रीजरच्या आतच उभा ठेवायचा, आडवा कधीच नाही, नाहीतर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. मे महिन्याच्या उन्हात बाहेर राहिला तर त्याचा दाब धोकादायक वाढतो. आत चार अंशांना मोठा काटा ३९ बारच्या (बार हे दाबाचं दुसरं माप) आसपास दिसेल. बाहेर असताना तो खूप वर होता म्हणून गॅस गेला असं समजू नका.

गळती शोधायला सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. दुसरी खात्रीची रीत म्हणजे रिकाम्या पिंपात ३० पीएसआय भरून सिलिंडरची चावी बंद करायची आणि सकाळी छोटा काटा पाहायचा. पाण्यानं भरलेल्या पिंपावर ही परीक्षा करू नका, पाणी गॅस पितं आणि काटा गळती नसतानाही उतरतो.

आई, हा भाग तू नीट वाच. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, आणि तो खोलगट जागी साचतो. पाच किलोचा सिलिंडर पूर्ण गळला तर सुमारे २,७०० लिटर गॅस होतो, आणि दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत तो जवळजवळ एक-दशांश भरतो. तेवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. दोन किलोचा म्हणते तो यासाठी, आणि तरीही त्या खोलीत कोणी झोपायचं नाही. झाकण उघडल्याबरोबर डोकं आत घालू नका. दोन मिनिटं थांबा, पंखा लावा, मगच वाका. नाक झोंबलं किंवा दम लागला की आधी बाहेर या, चावी मग पाहू. नात सुट्टीत आली की झाकणाला कुलूप.

ताक पिंपात भरायचं नाही, हे मला माहीत आहे की कोणीतरी सुचवणारच. लोण्याचे कण नळीत अडकतात, नळ आंबतो आणि धुता धुता जीव जातो. ताकाचा स्टीलचा डबा आतल्या उंचवट्यावर ठेवा, जिथे खाली कॉम्प्रेसर असतो. तिथे तुझा हात सहज पोचेल. साखरही पिंपात नाही. लिंबू, संत्रं, कोकम, जलजीरा यांची सरबतं वेगळ्या बाटल्यांत ठेवून ग्लासातच घालायची. गोड पाणी एकदा नळीत गेलं की बुळबुळीत थर धरतो आणि नळाशी मुंगळ्यांची रांग लागते. काळं मीठ आणि सोडा एकत्र आले की उफाळतो, म्हणून मीठ बेतानं आणि हळूहळू घाला.

धुणं सोपं आहे. पिंप रिकामं झालं की कडी ओढून दाब पूर्ण सोडायचा, मगच झाकण काढायचं. रिकामं पिंप चार-पाच किलोचं, ते बाहेर काढून कोमट पाण्यानं धुवा. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाचं पाणी नळीतून काढा. ब्लीचिंग पावडर नको, स्टीलला खड्डे पडतात. पेटीच्या तळाशी पाणी साचतं, कारण आता ते गोठत नाही. आठवड्याला फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर कुबट वास येतो.

फ्रीजर टीनाखाली ठेवू नका. अशा फ्रीजरांची सर्वांत दणकट जातही ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्यावर चढतो. मातीच्या भिंतीच्या खोलीत, चारी बाजूंनी वीतभर जागा सोडून, खिडकी उघडी ठेवून लावा. डीप फ्रीजरचा स्टॅबिलायझर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय चालू करू नका. ओल्या फरशीवर उभं राहून लोक नळाला हात लावणार आहेत. विकायचं ठरलं तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी बाबांनी आधी करून घ्यावी.

पिंपं मागवण्याआधी मला आतली मापं हवीत. खरड्याचे (पुठ्ठ्याचे) २३ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल आणि १५ चा एक कापा, तळाशी शेजारी शेजारी बसतात का ते पाहा. मग टेपनं तळापासून काठापर्यंतची उंची आणि उंचवट्याची लांबी-उंची लिहून मागच्या पाटीच्या फोटोसोबत धाडा. काठापर्यंत ६५ सेंटिमीटर नसले तरी चालेल, वरची चौकट १५ देते.

तुमची,
मनू