मंत्रीमहोदय, मी पर्यटक नव्हते

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं. तीन महिने वाट पाहिली आणि आल्या चार ओळी: 'आपण खासगी पर्यटक म्हणून परदेशी गेला होतात, सबब आपली मागणी या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.' स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या वाचलं. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. मागणी एवढीच होती: परदेशी सेवेला जाणाऱ्यांची नोंद ठेवा आणि चोवीस तास फोन उचलणारं कुणी तरी बसवा.

मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका, सिडकोत राहते. 2025 च्या ऑगस्टअखेरीस नाशिकरोडहून काशी एक्स्प्रेसने गोरखपूर गाठलं, सोनौलीला सीमा ओलांडली आणि बसने काठमांडूला गेले. शेजारच्या ललितपुरात एका बालगृहात तीन महिने राहायचं ठरलं होतं. मानधन नाही, भाडंसुद्धा माझ्या पेन्शनमधून. तिथे 22 मुलं होती. कुणी रस्त्यावर सापडलेलं, कुणाची आई आखातात कामाला गेली ती परत आलीच नाही. मला ती हजुरआमा म्हणायची, म्हणजे आजी. यात तुमच्या बाबूंना पर्यटन कुठे दिसलं? माझं पशुपतिनाथाचं दर्शनसुद्धा राहून गेलं.

4 सप्टेंबरला तिथल्या सरकारने 26 समाजमाध्यमं बंद केली. तिथली तरुण पोरं रस्त्यावर उतरली; त्यांचा राग मुळात भ्रष्टाचारावर होता, पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीवर होता. 8 तारखेला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात 19 जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सरकारचं मुख्यालय असलेला सिंहदरबार पेटला, विमानतळ बंद झाला. आमच्या गच्चीत कुठल्या तरी कचेरीचे अर्धवट जळलेले कागद येऊन पडत होते. सात वर्षांच्या एका मुलाने ते गोळा केले, राख झटकली आणि मला विचारलं, "हजुरआमा, मागची बाजू कोरी आहे, वही शिवायची का?"

त्याच दिवशी जवळचा नख्खूचा तुरुंग फुटला. त्या दोन-तीन दिवसांत देशभरातून 13,000 च्या वर कैदी पळाले. गल्लीतून धावणारे पाय ऐकू येत होते. आम्ही दाराला कपाट लावलं, 22 जणांना एका खोलीत बसवलं आणि मी हळू आवाजात बेचा पाढा सुरू केला, मराठीतून. त्यांना शब्द कळत नव्हते, पण सकाळपर्यंत पाठ झाला होता.

त्या रात्री तुमच्या विभागाचा नंबर मी 41 वेळा फिरवला. निघण्याआधी मुद्दाम वहीत लिहून नेला होता. प्रत्येक वेळी तेच, 'कार्यालयीन वेळेत संपर्क साधा.' माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, डोकं ठणकत होतं, गुडघा सुजला होता. इकडे नाशिकला माझा मुलगा कामधंदा सोडून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. दोन दिवसांनी एकदाचा फोन उचलला गेला, तर पलीकडून उत्तर, "विमान सुरू झालंय, परत या, बाई."

मला परत यायचंच नव्हतं हो! हेच कुणाला समजेना. एका मुलाला फिट्स येत होत्या, त्याचं औषध संपलं होतं आणि बाहेर संचारबंदी. कुणी जबाबदार माणसाने तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलून औषधापुरता पास मिळवून द्यावा, एवढंच मागत होते. शेवटी शेजारची एक नर्स जीव मुठीत धरून चालत गेली आणि औषध घेऊन आली. तोवर त्या पोराला दोनदा झटका येऊन गेला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती दातखीळ मी अजून विसरलेले नाही.

मुदत पुरी करून परतले. डिसेंबरात नाशिकच्या कार्यक्रमात तुम्ही शाल-श्रीफळ दिलंत आणि माइकवरून शब्द दिलात: परदेशी सेवेला जाणाऱ्यांची नोंद ठेवू, चोवीस तास फोन उचलणारा माणूस बसवू, तीन महिन्यांत. टाळ्या झाल्या. तीच मागणी मग मी लेखी दिली. तिचं उत्तर म्हणजे हे पत्र.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, रस्त्याने जाताना मतदान ओळखपत्रही चालतं. म्हणून तर नोंद हवी! कोण कुठल्या गल्लीत, किती मुलांबरोबर अडकलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. एक वही, एक फोन, पाळीने बसणारी तीन माणसं. याला निधी लागतो असं सांगू नका. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे याच शहरासाठी मंजूर होतात, तेव्हा अखत्यारीचा प्रश्न कुणाला पडत नाही.

आणि परदेशातल्या मुलांचंच कशाला बोलू? पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीला मजुरीला येतात. त्यांची पोरं दिवसभर बागेच्या बांधावर असतात. त्यांची शाळा कुणाच्या अखत्यारीत? शिक्षण विभागाला विचारलं की आदिवासी विकासकडे बोट, तिथे विचारलं की कामगारकडे. नोकरीची 35 वर्षं मी हेच बघितलं. ज्या मुलाच्या मागे मतदार आई-बाप उभे नाहीत, त्याची फाइल तुम्हा लोकांच्या टेबलावर खालीच राहते. तुम्ही एकटे नाही, तुमच्या आधीचेही असेच होते.

तुमची शाल अजून घडी न मोडता कपाटात आहे. मला ती नको. त्या पत्रातला 'पर्यटक' हा शब्द खोडून, सही-शिक्क्यानिशी दुरुस्त केलेलं पत्र हवं आणि तुम्ही कबूल केलेला फोन नंबर हवा.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा ललितपूरला निघाले आहे, तिकीट काढून झालंय. 22 वह्या घेतल्या आहेत. त्या आधी उत्तर पाठवा. माझा पत्ता तुमच्याच पत्रावर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सिडको, नाशिक